गुणपत्रिकेबाहेरचा विषय

महाराष्ट्रात दहावीनंतर शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती दोन कागद येतात, मंडळाची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला. आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या औद्योगिक पट्ट्यात आयटीआयच्या प्रवेशापासून कंपनीतल्या शिकाऊ उमेदवारीपर्यंत या दोन कागदांवाचून पान हलत नाही. पहिल्या कागदावर धर्माचा उल्लेख कोठेच नसतो आणि दुसऱ्यावर तो जातीच्या शेजारी एका रकान्यात बसलेला असतो. कॅथलिक संस्थेने चालवलेल्या शाळेत दहा वर्षे काढलेल्या मुलाच्या हातीही याहून निराळे काही पडत नाही. तेथे त्याने जे धर्मशिक्षण घेतले असेल त्याला गुण नाहीत, आणि दाखल्यावरचा धर्म त्याने घरून आणलेला असतो, शाळेने दिलेला नसतो. अमेरिकेसारख्या देशात कॅथलिक शाळेतून उत्तीर्ण होणे हा बहुधा मिस्सेने, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या सामुदायिक उपासनेने, साजरा होणारा प्रसंग असतो. या पट्ट्यात निरोप समारंभ बोर्डाच्या परीक्षेआधीच उरकला जातो, त्यामुळे शाळेचा निरोपही परीक्षेच्या शुभेच्छांमध्ये विरून जातो. अशा शाळेतल्या धर्मशिक्षणाचे मोल काय, हा प्रश्न म्हणूनच हिशेबाबाहेर राहिला आहे, आणि प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तोच आहे.

प्रथम शब्दाची फोड करणे आवश्यक आहे, कारण ‘धर्मशिक्षण’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी वावरतात. पहिली श्रद्धाशिक्षण, म्हणजे एखाद्या श्रद्धेत वाढणाऱ्या मुलाला त्या श्रद्धेची तत्त्वे, प्रार्थना आणि संस्कार शिकवणे. इंग्रजीत यालाच कॅटेकिझम म्हणतात आणि गोव्याच्या कोकणीत त्याला पोर्तुगीजवरून आलेला ‘दोतोर्न’ हा शब्द आहे. प्रथम ख्रिस्तप्रसाद आणि त्यानंतरचा दृढीकरण हा संस्कार, या दोहोंची तयारी या शिक्षणात होते. दुसरी गोष्ट नीतिशिक्षण, म्हणजे कोणत्याही धर्माचे नाव न घेता सद्वर्तन शिकवणे, ज्याला या शाळांच्या वेळापत्रकात ‘मॉरल सायन्स’ किंवा ‘व्हॅल्यू एज्युकेशन’ असे नाव असते. तिसरी गोष्ट धर्मपरिचय, म्हणजे स्वतःचा आणि शेजाऱ्याचा धर्म काय सांगतो, कोठून आला, कसा बदलला, हे समजून घेणे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) एखाद्या धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत जो भेद केला, त्यातला दुसरा भाग तो हाच. कॅथलिक शाळा पहिली गोष्ट मोजक्या मुलांना आणि दुसरी उरलेल्या सर्वांना देते. तिसरी देण्यास इतर कोणत्याही शाळेपेक्षा ती अधिक समर्थ असते, आणि तीच सर्वांत कमी देते, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

पुणे धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला चर्चचा प्रदेश, १८८६ मध्ये स्थापन झाला. परंतु पुण्यातील जुन्या कॅथलिक शाळा त्याहून आधीच्या असून त्या लष्करी छावणीच्या आश्रयाने उभ्या राहिल्या. जेझुइट संघाची सेंट व्हिन्सेंट ही शाळा १८६७ ची आहे. पिंपरी-चिंचवडची कथा वेगळी आहे, कारण येथे छावणीची जागा कारखान्याने घेतली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात बजाज ऑटो आणि टेल्को आल्या, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि पुढे चाकणला बजाज, मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्र यांचे कारखाने आल्यावर या पट्ट्याचे उत्तर टोक खेड तालुक्यात जाऊन पोहोचले. २०११ च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या १७ लाख २७ हजारांच्या घरात होती, आणि दहा वर्षांपूर्वी ती जेमतेम दहा लाख होती. या लोंढ्याबरोबर अहमदनगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती आले, गोव्याचे आणि मंगळूरचे कोकणी बोलणारे आले, केरळचे आणि तमिळनाडूचे आले. केरळी कॅथलिकांचा उपासनाविधी वेगळा असल्यामुळे त्यांच्या धर्मप्रांतांची रचनाही वेगळी आहे. सिरो-मलंकारा विधीचे खडकीचे स्वतंत्र धर्मक्षेत्र २०१५ मध्ये निर्माण झाले, यावरून या स्थलांतराची व्याप्ती ध्यानात येते.

तरीही ख्रिस्ती लोकसंख्या थोडीच आहे. २०११ मध्ये महाराष्ट्रात ख्रिस्ती १० लाख ८० हजार होते, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. त्यामुळे कॅथलिक शाळेच्या बाकांवर बसणारी बहुसंख्य मुले हिंदू, बौद्ध, मुस्लिम, जैन, शीख आणि पिंपरीच्या फाळणीनंतरच्या निर्वासित वसाहतीतल्या सिंधी कुटुंबांची असतात, आणि त्यांचे पालक या शाळेत येतात ते इंग्रजीसाठी, शिस्तीसाठी आणि तुलनेने परवडणाऱ्या शुल्कासाठी. ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाचा मूळ अर्थ जोगिणींचा मठ. या पट्ट्यात मात्र तो इंग्रजी माध्यमाचा पर्याय होऊन बसला आहे, आणि जेथे एकही सिस्टर कधी पाऊल टाकणार नाही अशा गाळ्यावरही त्याची पाटी झळकते.

या शाळांतील धर्मशिक्षणाची कायदेशीर चौकट स्पष्ट आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करून चालवण्याचा हक्क दिला आहे. अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडाने त्या हक्काला मर्यादा घातली आहे: शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कोणासही त्याच्या संमतीविना, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकांच्या संमतीविना, धार्मिक शिक्षण घेण्याची किंवा उपासनेला उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. धर्मांविषयी शिकवणे हे मात्र या मर्यादेत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अरुणा रॉय प्रकरणात मान्य केले. चर्चची स्वतःची भूमिकाही याच दिशेने गेलेली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी दोन घोषणापत्रे प्रसृत केली, एक ख्रिस्ती शिक्षणाविषयी आणि दुसरे ख्रिस्तेतर धर्मांशी असलेल्या नात्याविषयी. कॅथलिक शाळेचे खरे मार्गदर्शक पत्र म्हणजे ही दोन्ही एकत्र वाचणे होय, पण शाळाचालकांच्या बैठकांत बहुधा पहिल्याचीच आठवण निघते. २०२४ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि सकाळच्या सभेत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन व्हावे, असे सांगितले.

या चौकटीतून एक साधी व्यवस्था निघाली. ठरलेल्या तासाला वर्ग दोन भागांत विभागला जातो: कॅथलिक मुले एका खोलीत श्रद्धाशिक्षणासाठी जातात, बाकीची मुले जागेवरच बसून नीतिशिक्षणाचे पुस्तक उघडतात. व्यवस्था निर्दोष आहे, कायद्याला धरून आहे, कोणाला दुखवत नाही. तिचा दोष असा की धर्म हा ‘त्यांचा’ विषय आणि नीती हा ‘आमचा’ विषय, अशी वाटणी मुलांच्या मनात सातव्या-आठव्या वर्षीच पक्की होते. आणि ज्या एका तासाला निरनिराळ्या धर्मांची मुले एकमेकांना काही विचारू शकली असती, नेमक्या त्याच तासाला ती वेगळी केली जातात.

नीतिशिक्षणात काय उरते ते तपासून पाहण्याजोगे आहे. महाराष्ट्र शासनाने १९९७ पासून शाळांत मूल्यशिक्षण आणले, तेव्हा राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा अशी दहा मूल्ये ठरवली. कॅथलिक शाळांतल्या मॉरल सायन्सच्या पुस्तकांचा सूर याहून फार वेगळा नसतो. यादी वाईट नाही. परंतु व्यवहारात शाळा ज्यांचे मोजमाप करू शकते ती मूल्ये शेवटची दोनच, आणि ती दोन्ही कारखान्याला आयती हवी असतात. कारखान्यांच्या भिंतींवर जपानी पद्धतीच्या ‘फाइव्ह-एस’चे फलक असतात, वस्तू निवडा, जागेवर ठेवा, स्वच्छ करा, पद्धत बसवा, शिस्त पाळा, असे सांगणारे, आणि नीतिशिक्षणाच्या तासातून थेट त्या फलकासमोर उभ्या राहिलेल्या तरुणाला त्यात नवे काही वाटणार नाही. शाळेने चांगला कामगार घडवावा यात गैर काही नाही, पण त्यासाठी सिस्टरांनी व्रत घ्यायची आणि धर्मप्रांताने शाळा काढायची गरज नव्हती. ते काम कंपनीचा प्रशिक्षण विभाग याहून कमी वेळात करतो.

श्रद्धाशिक्षणाची सामग्री मात्र या फलकाला सरळ प्रश्न विचारते, आणि हा भाग जरा विस्ताराने पाहिला पाहिजे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आहे. मालक पहाटे बाजारात जाऊन दिवसाचा ठरलेला रोज कबूल करून मजूर लावतो, मग सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी आणि अखेर दिवस मावळायला तासभर उरला असता पुन्हा जातो, आणि दिवसभर कोणी कामाला न लावल्यामुळे उभ्या राहिलेल्यांनाही मळ्यात धाडतो. संध्याकाळी सर्वांना सारखाच रोज देतो, त्यावर पहाटे आलेले कुरकुर करतात. ज्या पट्ट्यात मजूर अड्ड्यावर सकाळी माणसे कामाची वाट पाहत उभी असतात, आणि ज्या कारखान्यात एकाच यंत्रावर परमनंट आणि कंत्राटी कामगार निरनिराळ्या वेतनावर शेजारी शेजारी उभे असतात, तेथे हा दाखला समजावून सांगायला भूगोलाचा नकाशा लागत नाही. तरीही तो बहुधा देवाच्या औदार्याची गोष्ट म्हणून शिकवला जातो आणि तेथेच थांबतो. औदार्य हा त्याचा अर्थ आहेच. पण ज्याला कोणी कामाला लावले नाही त्याच्याही घरी संध्याकाळी चूल पेटायची असते, हा अर्थ चाकणच्या मुलाला शिक्षकाआधी कळलेला असू शकतो.

चर्चच्या सामाजिक शिकवणीची परंपरा याच प्रश्नावर उभी आहे. पोप लिओ तेरावे यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक, म्हणजे पोपने चर्चला उद्देशून लिहिलेले शिकवणुकीचे पत्र, १८९१ मध्ये निघाले. कष्टकऱ्याच्या वेतनातून त्याचे साधेसुधे पोट भागले पाहिजे, कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे आणि साप्ताहिक विश्रांती हा त्यांचा अधिकार आहे, असे त्यात प्रतिपादन होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १० जून १८९० रोजी, मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली होती. ती मिळवून देणारे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मांडलेल्या कारणांत रविवार हा खंडोबाचा वार असल्याचे कारणही होते, असे सांगितले जाते. रोममध्ये जी विश्रांती शब्बाथाच्या आज्ञेवरून मागितली गेली, ती मुंबईत जेजुरीच्या दैवताच्या नावानेही मागितली जाऊ शकली. हा धडा कॅथलिक मुलांच्या पुस्तकात नाही आणि इतर मुलांच्याही नाही. पुण्याच्या औद्योगिक भागात, विशेषतः भोसरी-पिंपरीकडे, अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी वीजवाटपाच्या सोयीने गुरुवारी असते, रविवारी नसते. परिणामी रविवारी मूल मिस्सेला आणि श्रद्धाशिक्षणाला जाते तेव्हा बाप पहिल्या पाळीत असतो, आणि गुरुवारी बाप घरी असतो तेव्हा मूल शाळेत. धर्मशिक्षणाचा पहिला वर्ग घर हा आहे असे चर्च सांगते. या पट्ट्यातल्या किती घरांत तो वर्ग आठवड्यातून एकदा तरी पूर्ण भरत असेल, हे कारखान्याच्या पाळीपत्रकावर ठरते.

श्रद्धाशिक्षणाचा आणखी एक पेच भाषेचा आहे. नगर जिल्ह्यातून आलेल्या कॅथलिक कुटुंबात आजी मराठीत प्रार्थना म्हणते, आणि नात तीच प्रार्थना इंग्रजीत शिकते. मराठी ख्रिस्ती परंपरेच्या दृष्टीने हे एक प्रकारचे मागे जाणे आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी ‘क्रिस्तपुराण’ हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ मराठीत रचला, जो १६१६ मध्ये प्रथम छापला गेला. त्याच्या रचनेमागे हीच जाण होती, की ज्यांची जुनी पुराणे सुटली त्यांना त्यांच्याच छंदात, त्यांच्याच भाषेत काही ऐकायला हवे. श्रद्धाशिक्षण परक्या भाषेत दिले तर ते पाठ होते पण मुरत नाही, हे त्यांना चारशे वर्षांपूर्वी उमगले होते. पट्ट्यातल्या बहुभाषिक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या भोवतालच्या भाविकांच्या समूहात, मराठी, मल्याळम, तमिळ आणि कोकणी बोलणारी मुले एकत्र असतात तेव्हा इंग्रजी ही सोय आहे, हे मान्य करावे लागते. सोय आणि शिक्षण यांत फरक असतो, एवढेच.

आता धर्मपरिचयाकडे वळावे. हा औद्योगिक पट्टा दोन संतांच्या गावांमध्ये वसला आहे ही केवळ भूगोलाची गंमत नव्हे. निगडीपासून देहू आणि चाकणपासून आळंदी, दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे. आणि देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, म्हणजे नागपूरच्या धर्मांतराआधी पावणेदोन वर्षे. त्या दिवशी नाताळ होता. कॅथलिक शाळेतल्या दहावीच्या वर्गात या चारही ठिकाणांशी घरचे नाते असलेली मुले बसलेली असतात. आळंदीत विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्था आहे, जेथे ज्ञानेश्वरी, गाथा, कीर्तन यांचे शिक्षण दिले जाते. श्रद्धाशिक्षण म्हणजे काय याचे ते मराठी भूमीतले स्वतःचे, आणि कोणत्याही कॅटेकिझमच्या तोडीचे, उदाहरण आहे.

कॅथलिक विद्वत्तेने या वारशाकडे पाठ फिरवली, असे म्हणता येणार नाही. फ्रेंच जेझुइट गी देलरी यांचा विठ्ठलसंप्रदायावरचा ग्रंथ १९६० मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. वसईचे थॉमस डाबरे यांनी तुकोबांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला, तो १९८७ मध्ये ग्रंथरूपाने आला, आणि पुढे २००९ मध्ये तेच पुण्याचे बिशप झाले. म्हणजे देहू ज्या धर्मप्रांतात येते त्याचा प्रमुख तुकोबांचा अभ्यासक होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हे सारे ग्रंथालयात आणि व्यासपीठावर आहे. वर्गात ते उतरलेले नाही.

वर्गात संत येतात ते एका अनपेक्षित दाराने. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, आणि मराठीच्या पाठ्यपुस्तकात संतकाव्य असतेच. त्यामुळे कॅथलिक शाळेतले सर्वांत व्यापक धर्मशिक्षण मराठीच्या तासाला, पद्य विभागात, धर्माचे नाव न घेता चालते, आणि तेथे सर्व मुले एकत्र बसलेली असतात. त्याला गुणही असतात. दुर्दैवाने त्या गुणांसाठी मुलाला भावार्थ आणि रसग्रहण एवढेच लिहायचे असते; विठ्ठल कोण, नाम म्हणजे काय, संत जातीविषयी काय म्हणाले आणि तुकोबांच्या गाथेवर नदीत बुडण्याची वेळ का आली, हे विचारायची मुभा त्या उत्तरपत्रिकेत नसते. कॅथलिक मूल मग हे काव्य शब्दार्थासकट पाठ करते, आणि त्याच्या शेजारचा वारकरी घरातला मुलगाही तेवढेच करतो. दोघांची अनभिज्ञता समान असते, आणि सर्वधर्मसहिष्णुता हे मूल्य दोघांनीही वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेले असते.

धर्मपरिचयाला पालकांचा विरोध होईल, हा आक्षेप खोटा नाही. हिंदू पालकाला धर्मांतराची शंका येते, कॅथलिक पालकाला आपल्या मुलाची श्रद्धा पातळ होण्याची भीती वाटते, आणि व्यवस्थापनाला दोन्ही बाजूंनी तक्रार नको असते. पहिल्या शंकेला अनुच्छेद २८ चे आणि चर्चच्या स्वतःच्या सूचनांचे उत्तर पुरेसे आहे. दुसरी भीती अधिक गंभीर आहे, कारण तिच्या मुळाशी श्रद्धा ही तुलनेने झिजते अशी समजूत आहे. डाबरे यांचे उदाहरण त्या समजुतीच्या विरुद्ध जाते. तुकोबांच्या अभ्यासाने त्यांचे धर्मगुरुपद उणे झाले नाही. शिवाय ज्या मुलाला पुढे पाळीत, वसतिगृहात, भाड्याच्या खोलीत इतर धर्मांच्या माणसांबरोबरच राहायचे आहे, त्याची श्रद्धा प्रश्नांपासून कायमची झाकून ठेवता येईल ही अपेक्षाच या पट्ट्यात अव्यवहार्य आहे.

खरी अडचण शिक्षकाची आहे. बी.एड. वा डी.एड. च्या अभ्यासक्रमात निरनिराळ्या धर्मांची ओळख वर्गात कशी करून द्यावी याची शिस्तशीर तयारी होत नाही, आणि मॉरल सायन्सचा तास बहुधा ज्याच्या वेळापत्रकात जागा उरली असेल त्याच्याकडे जातो. तयारी करून देऊ शकतील अशा जागा मात्र दूर नाहीत. श्रीलंकेतल्या कँडीला १८९३ मध्ये स्थापन झालेली पेपल सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारे गुरुकुल, १९५५ मध्ये पुण्यात आली. तिच्याशी निगडित ज्ञानदीप या संस्थेत तत्त्वज्ञान, ईश्वरविज्ञान आणि भारतीय धर्म यांचा अभ्यास चालतो. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था तेथून तासाभराच्या वाटेवर आहे. आषाढीच्या आधी, शाळा नुकत्या उघडलेल्या असताना, तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी पिंपरीवरून पुण्याकडे जाते. त्या वाटेवरच्या शाळांना त्या दिवशी अनेकदा सुट्टी असते. रस्ते बंद असतात, स्कूल बस येऊ शकत नाही, आणि त्या आठवड्याच्या वेळापत्रकात मॉरल सायन्सचा एक तास कमी भरतो.